माझ्या टेबलावरचा दिवा

बाई,

मी तुम्हाला आठवते का, माहीत नाही. ग्रंथालयात शेवटच्या टेबलावर, खिडकीकडे पाठ करून बसणारी, पुस्तक उघडून एकाच पानावर अर्धा-अर्धा तास थांबणारी मुलगी. वय सोळा. आई जाऊन दोन महिने झाले होते. हे पत्र लिहायला मला अकरा वर्षं लागली आणि आजही पहिली ओळ चार वेळा खोडली.

त्या दुपारी तुम्ही माझ्यासमोर एक काळं-पांढरं पुस्तक ठेवलंत आणि एवढंच म्हणालात, "इंग्रजी सोपं आहे. चित्रंही आहेत." ते कशाबद्दल आहे, हे सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी ते तिथेच ठेवून निघून गेले असते. कारण त्याआधीच्या वर्षभरात मला सगळ्यांनी खूप काही सांगून झालं होतं. धीर धर. सकारात्मक राहा. आता तूच घर सांभाळायचंस. आईच्या उशाशी बसून एकींनी मला त्यांच्या ओळखीतल्या, पूर्ण बऱ्या झालेल्या बाईंची हकिगत सांगितली, दोनदा. आई ऐकत होती. ज्यांच्याकडे मी मन मोकळं करावं म्हणून मला पाठवलं होतं, त्यांनी घड्याळाकडे बघत एक माहितीपत्रक हातात दिलं. आणि वर्गात तर वह्या तपासताना माझी वही आली की शिक्षक ती न उघडताच म्हणायचे, "तुझं राहू दे." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

पुस्तक होतं पॅट्रिक नेस यांचं 'अ मॉन्स्टर कॉल्स'. तेरा वर्षांचा कॉनर. त्याची आई कॅन्सरने आजारी. मध्यरात्रीनंतर १२ वाजून ७ मिनिटांनी घरामागच्या टेकडीवरचं जुनं यूचं झाड राक्षसाचं रूप घेऊन त्याच्या खिडकीशी येतं. तीन गोष्टी मी सांगेन, म्हणतं, चौथी तू सांगायचीस आणि ती खरी असली पाहिजे. कॉनरही सगळ्यांच्या नजरेतून पुसला गेलेला. एका मुलाला तो बेदम मारतो, तरी त्याला शिक्षा होत नाही. ते वाचताना मला माझी न उघडलेली वही दिसली. शिक्षा न होणं हीच केवढी मोठी शिक्षा असते, हे त्या लेखकाला कुठून कळलं असेल?

मग आईला दिलेलं शेवटचं औषध यूच्या झाडापासून बनतं, हे कॉनरला कळतं. तिथे मी थांबले. आमच्या वॉर्डात वाचायला दुसरं काही नसायचं, म्हणून मी सलाईनच्या पिशवीवरचं अक्षरन् अक्षर वाचून काढलं होतं. पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरवरच्या त्या औषधाचं नाव मला स्पेलिंगसकट पाठ होतं. पुढे शोधलं तेव्हा कळलं, की ते मुळात पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं आणि १९९२ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झालं. म्हणजे आमच्या स्टँडलाही तेच झाड टांगलेलं होतं. कॉनरच्या आईला ते पुरलं नाही. माझ्याही नाही.

आणि चौथी गोष्ट.

आई गेली तेव्हा जो तो म्हणाला, "सुटली बिचारी." बाई, मी ते पाच आठवडे आधीच म्हटलं होतं, मनातल्या मनात. पहाटे तीनच्या सुमारास, त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, पडणारे थेंब मोजता मोजता. एकदाचं सुटू दे. आणि सुटायचं होतं ते तिला की मला, हेही मला ठाऊक होतं. त्या क्षणापासून मी स्वतःला आईची खुनी समजत होते. मी तसं म्हटलं म्हणून ती गेली, असं मी खरोखर धरून चालले होते. हे कुणाला सांगणार? धीर धर म्हणणाऱ्यांना?

कॉनरचं सत्य नेमकं हेच निघालं. आईने जाऊ नये असं त्याला जिवापाड वाटत होतं आणि हे सगळं संपावं असंही वाटत होतं. राक्षस त्याला कसलीही शिक्षा करत नाही. माणसाच्या मनात दोन उलट गोष्टी एकाच वेळी राहू शकतात, हे तो त्याला समजावतो. माझ्यासारखंच कुणीतरी हे आधी मनात आणलं होतं, ते छापलं गेलं होतं आणि तरी जग चालू होतं. मी ती दोन पानं पुन्हा पुन्हा वाचली.

तोवर ग्रंथालय बंद व्हायची वेळ होऊन गेली होती. तुम्ही पंखे बंद केलेत, मग एकेक दिवा. मी उठणार, तेवढ्यात लक्षात आलं, की माझ्या टेबलावरचा तुम्ही मुद्दाम ठेवलाय. स्वतः काउंटरवरच्या टेबललॅम्पखाली नव्या पुस्तकांना कव्हरं घालत बसलात. चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता, मग कात्री, मग पुन्हा चिकटपट्टी. त्या पानांवर मला रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन, आईच्या दिवशीसुद्धा रडले नव्हते तशी. चिकटपट्टीचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ह्या उठतील, पाठीवर हात ठेवतील, पाणी देतील, काय झालं विचारतील. क्षणभर शांतता होती. मग चिकटपट्टीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

बाई, आभार मला याचेच मानायचेत. त्या थांबण्याचे आणि मग पुन्हा सुरू होण्याचे. तुम्ही ऐकलंत, हे मला कळलं आणि तुम्ही मला रडू दिलंत, हेही कळलं. चांगुलपणा म्हटलं की लोकांना धावून जाणं आठवतं. मला तुम्ही आठवता, जागेवर बसून कव्हरं घालणाऱ्या. अशी माणसं घरोघरी, शाळाशाळांतून, वॉर्डावॉर्डांतून हवी आहेत. फार थोडी आहेत.

या पुस्तकामागची हकिगत मला नंतर कळली. मूळ कल्पना शिवॉन डाउड यांची. त्या २००७ मध्ये कॅन्सरनेच गेल्या, ४७व्या वर्षी. राहिलेली गोष्ट नेस यांनी लिहिली. त्या दोघांची कधी भेटही झाली नव्हती. चित्रं जिम के यांची. २०१२ मध्ये या पुस्तकाला मुलांच्या पुस्तकांसाठीची, लेखनाचं कार्नेगी आणि चित्रांचं ग्रीनअवे, ही दोन्ही पदकं मिळाली, एकाच पुस्तकाला दोन्ही मिळायची ती पहिलीच वेळ. ही पदकं कुणाला द्यायची ते ब्रिटनमधले ग्रंथपाल ठरवतात, हे वाचलं तेव्हा साहजिकच तुम्ही डोळ्यांसमोर आलात.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक परत केलं. कसं वाटलं, हे तुम्ही विचारलं नाहीत. नोंद केलीत, मान वर केलीत आणि म्हणालात, "आता काय देऊ?" मला काही बोलता आलं नाही, मी तशीच निघून गेले. पुढे आम्ही घर बदललं आणि ते उत्तर राहूनच गेलं.

डाउड यांच्या चार कादंबऱ्या आहेत, दोन त्या असताना आलेल्या, दोन नंतरच्या. चारही वाचल्या, बाई.