आणखी दोन वर्षं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आईचा आवाज ऐकला की बोलायचं राहूनच जातं, म्हणून लिहिते. ३१ तारखेला निवृत्त झाले तरी मी लगेच पुण्याला येत नाहीये. आणखी दोन वर्षं थांबते, असं वाचनालयाला कळवून टाकलंय. तुमच्याआधी दादाला सांगितलं, ते चुकलंच माझं.

बाबा, १९३० च्या मार्शल लॉच्या वेळची आपल्या सोलापूरची वर्तमानपत्रं अजून व्हायचीत. लाकडाच्या लगद्याचा कागद तो, आतल्या आम्लानं पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. उन्हाळ्यात तर पान उलटलं की बोटांना चुरा लागतो. फाटल्या जागी जपानी टिश्यू, गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, वाळू द्यायचं आणि मग स्कॅन. घाईच्या हाती हे कसं सोपवू? नवीन मुलगी गुणी आहे, पण हे काम आत्ता कुठे शिकतेय.

आणि हे वेड तुम्हीच लावलंत ना? दर १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या अभिवादनाला खांद्यावर बसवून न्यायचात. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे. एखादं नाव राहिलं की घरी पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचात. येरवड्यात फाशी गेलेली ती चौघं मला कितीतरी वर्षं आपल्या नात्यातलीच वाटायची.

माझी काळजी करू नका. कूलर दुरुस्त करून घेतलाय, डबा वेळेवर येतो. दर दुसऱ्या शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येईन, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. आई, तुझ्या कुशीत दुपारची झोप काढल्याशिवाय परतणार नाही.

तोवर ऐका. आई, थेंब दिवसातून चार वेळा, आणि ऑपरेशनच्या डोळ्याला पदर अजिबात लावायचा नाही. बाबा, रात्री उठलात की आधी दिवा लावा. दादाची झोप मोडत नाही त्यानं.

आणखी एक. गिरणीतल्या साचेखात्यातला तो फोटो ट्रंकेतून काढा. मागच्या खेपेला चौदा नावं सांगितलीत, तेवढ्यात पानं वाढली. उरलेली आठ तुमच्याशिवाय कोण सांगणार? आठवतील तशी मागे लिहून ठेवा. पेननं नको, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं.

तुमची,
बेबी