भोक बुजवलं, पण तुमचा झरोका उघडा

ती. आई-बाबांना शि. सा. न.

परवा कॉलवर आवाज तुटत होता म्हणून नीट बोलता आलं नाही, आणि तुमच्या बाथरूमच्या झरोक्याचं हे घाईत सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितेय.

किचनमधला जुना गॅस बॉयलर काढला हे तुम्हाला माहितीये. मागच्या अंगणात आता हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर गरम करणारं विजेवरचं यंत्र बसलंय, इथल्या ब्रिटिश सरकारचं ७,५०० पौंडांचं अनुदान मिळालं म्हणून जमलं. बॉयलर काढायला गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसची कामं करायची परवानगी असलेल्यांच्या इथल्या यादीत, नोंद असलेला माणूस बोलावला. तो काम करून गेला आणि मागे राहिलं धूर बाहेर सोडायच्या पाइपचं भोक, फूटभर रुंद, फूटभर उंच आणि आरपार, ओट्याशी उभं राहिलं की शेजाऱ्यांचं कुंपण दिसायचं.

बाबा, ते भोक मी स्वतः विटा लावून बुजवलं. साताऱ्याचं घर बांधताना तुम्ही रोज संध्याकाळी भिंतींवर पाणी मारायचात आणि मी मागे पाइप धरून चालायचे, गवंडीकाका ओळंबा सोडून दाखवायचे, ते सगळं आठवत होतं. पण इथली भिंत वेगळी. आमचं घर १९३० च्या दशकातलं, त्याला बाहेरची एक आणि आतली एक अशा दोन भिंती आणि मधे दोनेक इंचांची पोकळी. बाहेरून पावसाचं पाणी झिरपलं तरी पोकळीतून खाली उतरतं, आत येत नाही. मात्र त्या पोकळीत विटा जोडायचा मसाला पडून साचला की त्याच्यावरून ओल आतल्या भिंतीला लागते. म्हणून मी तिथे गोणपाटाची पट्टी दोरी बांधून अडकवली, पडेल तो मसाला तिच्यावर, आणि शेवटची वीट बसवायच्या आधी दोरी ओढून सगळं बाहेर काढलं.

खरं दमवलं विटांनी. आताची वीट ६५ मिलिमीटर उंच, आमच्या जुन्या विटा त्याहून जाड, थर जुळेचना, मग पाडलेल्या घरांच्या विटा विकतात तिथून शोधून आणल्या. कडेच्या अर्ध्या तुटलेल्या विटा छिन्नीने काढल्या, नाहीतर सांधेमोड झाली नसती, म्हणजे वरखालचे उभे सांधे एका रेषेत आले असते, आणि उभी चीर राहिली असती. मसाला एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू. सगळ्यात वरच्या सांध्यात मागपर्यंत मसाला जात नाही, तो थोडा थोडा ठासत बसले, त्यातच तास गेला. रात्री मसाला गोठू नये म्हणून वर गोणपाट टाकलं. आता विटांमधल्या दरजा भरून झाल्यात, फोटो पाठवते, बाबा, लाइन बघा आणि खरं सांगा.

आता मुख्य. तो गॅसवाला म्हणाला होता, बॉयलर चालू असेपर्यंत त्याची धुराची वाट कधी बंद करायची नाही. आणि मला एकदम आई तुझं बोलणं आठवलं, बाथरूमच्या झरोक्यातून गार वारा आणि डास येतात म्हणून थर्माकोल बसवलाय. गॅस गिझर त्याच बाथरूममध्ये आहे गं! दार बंद, झरोका बंद, आत गॅस जळतोय, म्हणजे ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, आणि माणूस कडी काढायच्या आत खाली पडतो. तुला मागच्या आठवड्यात आंघोळीनंतर चक्कर आल्यासारखं झालं होतं ना, ते आपण बीपीवर ढकललं. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाबा, थर्माकोल आजच काढा, डासांना जाळी लावा. गिझर आणि सिलिंडर दोन्ही मागच्या उघड्या गॅलरीत हलवून घ्या आणि पाणी पाइपने आत आणा, नाहीतर इलेक्ट्रिक गिझर लावून टाका, पैसे मी पाठवते. तोपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, बाथरूममध्ये हवा खेळू द्यायची आणि मगच आत जायचं. आई, पुन्हा गरगरलं तर डॉक्टरांना गिझरचंही सांग.

थर्माकोल काढला की झरोक्याचा फोटो टाका, मी वाट बघतेय.

तुमची,
लेक