आमच्या सभागृहाच्या आर्किटेक्ट ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा मृगाची पहिली मोठी सर आली. सभागृहात तासभर बसलो, आत थेंब नाही. घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं. सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितोय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात जुन्या समाजमंदिराचे पत्रे माडाच्या वाडीत जाऊन पडले. नवं बांधायचं तर ग्रामस्थ मंडळ, मुंबईकर मंडळ, महिला मंडळ, तिघांची तीन मतं. त्याआधीच्या एका कामात जो तो आपल्या फोनमधला नकाशा खरा मानत होता. बांधलेली भिंत पाडावी लागली होती.

तुम्ही पहिल्या बैठकीत नकाशा उघडलाच नाहीत. कोणता निर्णय कोणाचा आणि कधीपर्यंत, एवढंच फळ्यावर लिहिलंत. स्वयंपाकघर कुठे हे गावाने ठरवायचं, सळ्या-तुळया इंजिनिअरने. मुदत गणपतीची, कारण चाकरमानी तेव्हाच गावात असतात. विसर्जनानंतर आराखड्यात बदल नाही. दिवाळीनंतर पाया, शिमग्यापर्यंत भिंती, मृगाआधी छप्पर. म्हणूनच चिरेखाणीवर वेळेत सांगता आलं.

पडवीची चर्चा मात्र मी विसरणार नाही. चिऱ्याच्या भिंतीवर पाऊस मारू नये म्हणून तुम्हाला छप्पर चांगलं पुढे आलेलं हवं होतं. इंजिनिअर म्हणाले, वारा त्याच कडेखाली शिरून छप्पर उचलतो. दोघांचंही खरं होतं. तुम्ही हट्ट धरला नाहीत, त्यांनीही नाही. दोन बैठका गेल्या आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं करायचं ठरलं. उद्या वादळात पडवी गेली तरी सभागृहाचं छप्पर तिच्यासोबत ओढलं जाणार नाही.

आणि तो ट्रेसिंग पेपर! तुळयांच्या नकाशावर तुम्ही प्लंबिंगचा नकाशा ठेवलात, तर सांडपाण्याचा पाइप नेमका प्लिंथ बीममधून, म्हणजे जोत्याच्या तुळईतून, चाललेला. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही नकाशे बिनचूक होते. काँक्रीट फोडायची वेळ आली नाही, खोडरबरावर भागलं.

साइटवर एकच नकाशा, त्यावर तारीख आणि बदलाचा क्रमांक. जुन्यावर लाल फुली. मिस्त्रींचा प्रत्येक प्रश्न वहीत, समोर उत्तर देणाऱ्याची सही. ती वही परवा शेजारच्या वाडीतले लोक घेऊन गेले. त्यांना बालवाडी बांधायची आहे.

ताई, मनापासून आभार. गणपतीला नक्की या. हिने तुमच्यासाठी आमसुलं बाजूला काढून ठेवली आहेत.

आपला,
सचिव, ग्रामस्थ मंडळ