उपवासाच्या पाककृतींत नेमकी मापे छापा

संपादक महोदय,

चातुर्मास लागला की सगळ्याच दैनिकांच्या पुरवण्यांत उपवासाच्या पाककृती येतात. साबुदाणा ‘एक वाटी’ आणि तूप ‘आवश्यकतेनुसार’, एवढ्यावरच माप संपते. घोटाळा तिथेच होतो.

एका माणसाच्या खिचडीत साधारण ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, एक लहान बटाटा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन मोठे चमचे तूप सहज पडते. म्हणजे सातशेच्या आसपास कॅलरी. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नाहीत, चोथा नावालाच. साखर झपाट्याने चढते आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. मग वेफर्स, बटाट्याचा चिवडा आणि चहावर चहा. कपाला दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत सुमारे ५० ग्रॅम साखर पोटात जाते.

साबुदाणा वर्ज्य करायची गरज नाही. तो ३५-४० ग्रॅमवर आणावा, बटाटा गाळावा, तूप एक लहान चमचा घ्यावे. कूट मात्र कमी करू नये, कारण खिचडीतली प्रथिने जवळपास सगळी त्यातूनच येतात. सोबत दह्यातली काकडीची कोशिंबीर वाटीभर.

त्याहून बरे राजगिऱ्याचे थालीपीठ. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिने असतात. एका माणसाला ५० ग्रॅम पीठ, अर्धी वाटी किसलेली काकडी, एक लहान उकडलेले रताळे, चमचाभर कूट, मिरची, जिरे. राजगिऱ्यात पीठ बांधून धरणारे ग्लुटेन नसते, म्हणून रताळे नसेल तर थालीपीठ उलटताना तुटते. काकडीला मीठ लावून पाणी सुटू द्यावे आणि पीठ त्यातच मळावे. वरून पाणी ओतले की गोळा सैल होतो, तो सावरायला आणखी पीठ घालावे लागते. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकावे, मंद आचेवर झाकण ठेवावे. वाफेवर शिजत असल्याने अर्धा चमचा तूप पुरते.

भगर पौष्टिक खरी, पण पावसाळी हवेत तिला बुरशी धरते आणि विषबाधा होते. सुटी भगर आणि तयार पीठ घेऊ नये. तारीख पाहून बंद पाकीट घ्यावे, निवडून, धुऊन, लागेल तेवढेच पीठ घरी दळावे. शिजवल्यावर विष जाते या भरवशावर राहू नये. सैंधवाबद्दलही गैरसमज आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच, तेव्हा रक्तदाब असलेल्यांना त्यात सवलत नाही.

फराळानंतर आडवे होण्याऐवजी १५ मिनिटे चालावे. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतरची चढण कमी होते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये, डोस आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. दरदरून घाम, हातांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी रक्तातली साखर फार उतरल्याची लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी साखर तपासावी आणि उपवास तिथेच सोडावा. पाककृतींत ग्रॅमची मापे द्याल तेव्हा ही सूचनाही शेजारी चौकटीत छापावी, ही विनंती.

– एक आहारतज्ज्ञ, सातारा