पालकमंत्री साहेब, गणेशखिंडीतला वड कोण परत देणार?

मा. पालकमंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. पुणे विद्यापीठाच्या बाहेर आमच्या बसस्टॉपवरचा वड परवा रात्री तोडला. मीटिंगमध्ये आम्हाला तोंडावर सांगितलं होतं की जुनं झाड तोडणार नाही, मुळासकट काढून दुसरीकडे लावू. सकाळी जाऊन बघते तर ओंडके टेम्पोत भरत होते, पारंब्या तशाच लोंबत होत्या आणि कापलेल्या जागेतून पांढरा चीक गळत होता. कसलं पुनर्रोपण आणि कसलं काय!

साहेब, ही पडीक जागा नाही हो. 1864 मध्ये इथे मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला बांधायला घेतला, इटालियन धाटणीचा, उंच मनोऱ्याचा, भोवती हिरवळ आणि बागा. 22 जून 1897 ला याच बंगल्यातल्या समारंभाहून परतणाऱ्या रँडला चाफेकरांनी याच रस्त्यावर गाठलं. 1949 मध्ये विद्यापीठ झालं तेव्हा हा बंगला त्यांच्याकडे आला, आज परिसर 411 एकरांचा आहे. जवळच्या 1873 च्या गणेशखिंड बागेला राज्य सरकारने 2020 मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. मग भिंतीच्या आत वारसा आणि भिंतीच्या बाहेर सरपण, हे कसं काय?

माझ्या मिस्टरांची बायपास झालीय. बस येईपर्यंत तिथे सावलीत उभं राहता यायचं, आता भर उन्हात आणि धुळीत मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी असते, त्यांना दम लागतो, रात्रभर खोकला, मलाही झोप नाही. तक्रार द्यायला गेले तर म्हणे "मॅडम, हे आमच्याकडे येत नाही", त्यांनी सांगितलं तिथे गेले तर त्यांनी परत पहिल्यांकडेच पाठवलं. माणसाने जायचं कुठे?

2021 ची कायद्यातली दुरुस्ती तुमच्याच सभागृहाने केलीय ना? पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज, तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची आणि सात वर्षं जगवायची. मग आमच्या वडाचं वय कोणी मोजलं, किती धरलं, तेवढी रोपं कुठे लावली? विद्यापीठ चौकातला पूल बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती तर 2020 मध्ये पाडला, म्हणजे प्लॅन चुकणार तुमचे, पैसे जाणार आमचे, आणि दरवेळी मधे येतात म्हणून झाडंच जाणार, चूक कोणाची हे मात्र एकही अधिकारी कधी सांगत नाही.

उरलेल्या प्रत्येक झाडाचं वय आणि परवानगीचा कागद तिथेच बोर्डवर मराठीत लावा. तो लागेपर्यंत करवत बंद ठेवायचा लेखी आदेश या आठवड्यात काढा.

औंधमधली एक नागरिक