गाडीला उशीर झाला तर भरपाई कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पाडव्याच्या वाहनविक्रीची अर्ध्या पानाची बातमी आहे. ज्यांना गाडी मिळाली त्यांचे हार-पेढ्यांचे फोटो आहेत. पैसे भरूनही ज्यांचा पाडवा गाडीविना गेला, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. बातमीच्या शेवटी एका विक्रेत्याने म्हटलं आहे की मागणी मोठी असल्यामुळे ग्राहकांना थोडी वाट पाहावी लागते. ही थोडी वाट मी पाहिली आहे, म्हणून लिहितो.

मी शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप चालवतो. २०२२ च्या पाडव्याला हायवेलगतच्या एका शोरूममध्ये ५० हजार भरून गाडी बुक केली. सेल्समन म्हणाला, "काका, बेंदराच्या आत गाडी दारात." मे महिन्यात त्यांचाच फोन आला, जुन्या गाडीला सध्या चांगला भाव आहे, देऊन टाका. दिली. जूनअखेर पुन्हा फोन, तीन लाख भरून ठेवा, म्हणजे पहिली येईल ती गाडी तुमच्या नावावर. भरले. बेंदूर गेला, गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली. दर वेळी उत्तर एकच, "चिप नाही." चिपचा तुटवडा खरा होता, पेपरात आम्हीही वाचत होतो. पण तुटवडा माहीत असताना जूनमध्ये तीन लाख कशासाठी भरून घेतले, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. माझ्या कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्यासाठी उचललेल्या कर्जाला, बँक साडेदहा टक्के लावते. तीन लाखांचे सहा महिन्यांचे १५,७५० रुपये मी बँकेला भरले आणि पैसे वापरले शोरूमने. मधल्या काळात कर्जाच्या मंजुरीची मुदत संपली, ती फाईल पुन्हा पहिल्यापासून करावी लागली ती वेगळीच.

जुनी गाडी दिल्यापासूनच्या सात महिन्यांत आईला महिन्यातून दोनदा मिरजेला दाखवायला न्यावं लागायचं. भाड्याच्या गाडीला जाऊन-येऊन २,२०० रुपये, अशा चौदा खेपा झाल्या. जुलैत एका सकाळी पावसाने असं झोडपलं की ठरवलेल्या गाडीवाल्याने ऐनवेळी नाही म्हणून सांगितलं. आई नऊ वाजल्यापासून चपला घालून, फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर घेऊन उंबऱ्याजवळच्या खुर्चीवर बसली होती. मी एकामागून एक फोन लावत होतो. साडेअकराला तिनेच चपला काढल्या आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे, फुडच्या बारीला जाऊया." ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

गाडी मिळाली २९ डिसेंबरला. तीन दिवसांत साल बदललं. उद्या विकायला काढली तर भाव २०२२ च्या मॉडेलचाच होणार. वर ४१ हजार जास्त घेतले, कारण किंमत म्हणे डिलिव्हरीच्या दिवशीची. बुकिंग फॉर्मच्या मागे तसं बारीक अक्षरात छापलेलं आहे. बुकिंग रद्द केलं तर पाच हजार कापणार, हेही छापलेलं आहे. उशीर झाला तर शोरूम काय देणार, ती ओळ मी वर्कशॉपातलं भिंग लावून शोधली. नाही.

आता माझा धंदा सांगतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, या सगळ्या पट्ट्यात कितीतरी फौंड्र्या आणि मशीन शॉप वाहन उद्योगाच्या कामावरच चालतात. माझ्याकडेही गाड्यांच्या ब्रॅकेटचं मशीनिंग असतं. एकदा स्पिंडलचं बेअरिंग गेलं आणि जॉब चार दिवस उशिरा गेला. अकरा हजार चारशेची डेबिट नोट आली, म्हणजे तेवढे पैसे माझ्या बिलातून कापले. मी भांडलो नाही, पर्चेस ऑर्डरवर सही माझीच होती. माझं एवढंच म्हणणं आहे, की ज्या धंद्यात एका ब्रॅकेटच्या चार दिवसांचा हिशेब होतो, त्याच धंद्यात अख्ख्या गाडीला सहा महिने उशीर झाला तर हिशेब का होत नाही? शोरूम कंपनीकडे बोट दाखवतं, कंपनी शोरूमकडे. गिऱ्हाईकाने पैसे ज्याच्या हातात दिले त्याने आधी भरपाई द्यावी आणि मग कंपनीकडून वसूल करावी. आमच्यात असंच चालतं.

घराच्या बाबतीत हे झालेलं आहे. बिल्डरने ताबा द्यायला उशीर केला तर रेरा कायद्याने त्याला उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज द्यावं लागतं, आणि आपल्या राज्यात तो दर स्टेट बँकेच्या एमसीएलआरपेक्षा, म्हणजे कर्जाच्या मूळ व्याजदरापेक्षा, दोन टक्के जास्त आहे. गाडीला असं काही का नसावं? बुकिंग फॉर्मवर डिलिव्हरीची तारीख लिहा, त्या तारखेनंतर भरलेल्या रकमेवर व्याज द्या, आणि तारीख चुकल्यावर वाढलेली किंमत गिऱ्हाईकाच्या माथी मारू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला तेव्हा डिलिव्हरीच्या दिवसाच्या किमतीनेच लोकांचा फायदा झाला, हे मला कुणीतरी ऐकवेलच. तो कर होता, सरकारने कमी केला. मी बोलतोय ते कंपनीने वाढवलेल्या किमतीबद्दल.

ग्राहक आयोगात जा, असं सगळे सांगतात. २०१९ चा कायदा चांगला आहे, १९१५ हा हेल्पलाइनचा नंबरही आहे. पण तारखांना मी जायचं म्हणजे मशीन बंद ठेवायचं. भरपाई मागायला लागू नये, ती फॉर्मवरच असावी.

आणखी एक. विमा कुणाकडून घ्यायचा हे गिऱ्हाईकाने ठरवायचं असतं. माझ्या एजंटाचं कोटेशन सात हजाराने कमी होतं. ते दाखवल्यावर मला सांगितलं गेलं की बाहेरचा विमा असेल तर गाडी पुढच्या महिन्यात जाईल. आठ-नऊ महिने थांबलेला माणूस काय करणार? मी त्यांचाच विमा घेतला.

गेल्या आठवड्यात पुतण्याबरोबर त्याच शोरूममध्ये गेलो होतो. फॉर्म उलटा करून पाहिला. मजकूर तोच आहे. दसऱ्याला आपण पुन्हा किती गाड्या गेल्या ते छापाल. तेव्हा आपल्या बातमीदाराला एवढंच विचारायला सांगा, की पैसे भरून किती जण थांबले आहेत, आणि किती महिन्यांपासून.

आपला,
एक जुना वर्गणीदार
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर