पालकमंत्री साहेब, मे महिन्यातलं दुपारचं उड्डाण टाळा

मा. पालकमंत्री, जळगाव जिल्हा यांस,

स. न. वि. वि.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीत असताना पुढाऱ्यांच्या दौऱ्यासाठी हेलिपॅड करून देणं आमच्याकडे असायचं. मैदान सपाट करा, रोलर फिरवा, चुन्याने गोल आखून मधे ‘एच’ काढा, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारा. (ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे तो टँकर मैदानात रिकामा होताना लोक काय बोलतात हे आम्हीच ऐकलेलं आहे. पण तो विषय वेगळा.) साहेब सभेत असले की पायलट मंडळी सावली शोधून बसायची आणि गप्पा व्हायच्या. हे पत्र त्या गप्पांमधून शिकलेल्या हिशेबाचं आहे.

हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा जवळपास दहा टक्क्यांनी हलकी. म्हणजे पात्यांना रेटायला हवा कमी आणि इंजिनाला ओढून घ्यायलाही कमी, दोन्हीकडून मार. पायलट हे उंचीच्या भाषेत मोजतात. जळगाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्याही खाली. पण मे महिन्यात दुपारी पारा ४५ वर गेला की इथली हवा जवळपास पाच हजार फुटांवरच्या हवेसारखी झालेली असते. सभा तापीकाठी असते, हेलिकॉप्टर मात्र महाबळेश्वरच्याही वर उभं असल्यासारखं वागतं. सकाळी ३२ अंश असताना हाच आकडा साडेतीन हजारांच्या आत राहतो. आपल्याच खानदेशातल्या नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ मुळातच पावणेचार हजार फुटांवर. तिथे ३८ अंशांतही हिशेब साडेसात हजारांच्या पुढे जातो. डोंगरावर गार वाटतं म्हणून तिथली दुपार सोपी, असं कुणी धरून चालू नये.

त्यातली खरी फसवी गोष्ट जमिनीजवळ असते. हेलिकॉप्टर जमिनीपासून थोडंसंच वर तरंगत असतं तेव्हा पात्यांनी खाली ढकललेल्या हवेला जमिनीचा अडसर मिळतो आणि कमी ताकदीत भागतं. बघणाऱ्याला वाटतं, उचललं की! पण त्या आधारातून वर निघताना जास्त ताकद लागते, आणि उन्हाळ्यात इंजिनाच्या तापमानाचा काटा आधीच मर्यादेला भिडलेला असतो. आणखी मागायला गेलं तर पात्यांचा वेग पडतो. मैदान एका बाजूला लांबवर मोकळं असेल, तर पायलट जमिनीलगतच पुढे वेग घेतो; ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेग आला की पात्यांना नवी हवा मिळते आणि काम हलकं होतं. आपण काय करतो? सभेपासून चालायला नको म्हणून शाळेच्या मैदानावर हेलिपॅड करतो. तिन्ही बाजूंना भिंत, निंबाची झाडं, विजेच्या तारा. म्हणजे भर दुपारी सरळ वर चढायला लावतो, जे सगळ्यांत अवघड.

२५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्यावर काही क्षणांत खाली आलं. तारांना लागलं, कोसळलं, नशिबाने सगळे वाचले. चौकशीत त्या दिवसाचं तापमान आणि हेलिकॉप्टरचं वजन हाच मुद्दा निघाला. लातूरपेक्षा आमच्याकडचं ऊन सौम्य नाही, हे आपल्याला सांगायला नको.

वजनाबद्दल स्पष्ट लिहितो, राग मानू नये. पायलट सकाळी कागदावर वजन मांडतो आणि परतीच्या वेळी कुणीतरी तालुक्याचा कार्यकर्ता ‘आम्हालाही सोडा’ म्हणत आत बसतो. एक माणूस म्हणजे साधारण शंभर लिटर इंधनाचं वजन. तो बसला तर इंधन कमी करावं लागतं, इंधन कमी केलं तर हाताशी राखीव उरत नाही. रावेर-यावलला केळीची गाडी काट्यावर चढल्याशिवाय हलत नाही. हेलिपॅडवर काटा ठेवला तर कुणाचा अपमान होत नाही.

गर्दीच्या वेळापत्रकाचं मूळही मला दिसतं. तात्पुरत्या हेलिपॅडवरून अंधारात उडता येत नाही. पहिली सभा उशिरा सुरू होते, मग उरलेल्या दोन-तीन सभा सूर्यास्ताच्या आत बसवायच्या, म्हणून सगळी धावपळ नेमकी बारा ते चारमध्ये येते. २०२४ च्या लोकसभेला जळगाव, रावेर, नंदुरबारचं मतदान १३ मेला होतं आणि धुळ्याचं २० मेला. म्हणजे प्रचार ऐन भट्टीत. निवडणुकीच्या तारखा आपल्या हातात नाहीत, सभेच्या वेळा आहेत.

उड्डाण करायचं की नाही, हा शेवटचा शब्द कायद्याने पायलटचाच. पण समोर मंत्री बसलेले, बाहेर बँड वाजतोय, अशा वेळी ‘साहेब, दोन माणसं उतरवा’ म्हणायला त्याची जीभ किती रेटेल? म्हणून ते त्याने म्हणावं लागू नये, अशी सोय आपण करावी. दौऱ्याच्या आदल्या दिवशी पायलटकडून लेखी घ्या: अमुक तापमानाला, या मैदानावरून, इतकीच माणसं. ती यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीला जोडा. मैदान निवडताना पायलटला किंवा कंपनीच्या माणसाला आधी दाखवा. आमच्यासारखे रोलर फिरवणारे मोकळी बाजू पश्चिमेला हवी की पूर्वेला हे ठरवू शकत नाहीत, ते वाऱ्यावर असतं. हेलिपॅडजवळ एक वायुदर्शक कापडी नळी आणि सावलीत टांगलेला तापमापक असावा. वेधशाळेचा आकडा वेधशाळेच्या आवारातला असतो, आपण उतरतो ते काळ्या मातीच्या उघड्या मैदानात.

आणि पुढच्या एप्रिल-मेचा कार्यक्रम आखताना स्वीय सहायकांना सांगून शेवटच्या उड्डाणाची वेळ सकाळी अकराची लिहून घ्या. दुपारी भुसावळला सभा असेल तर जळगावहून अंतर पंचवीसेक किलोमीटर. गाडीने या, आम्ही थांबू.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, भुसावळ